सिरोक्कोच्या दिवशीचं पीठ

उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो. मी अन्येल्लो, नेपल्सच्या सानिता मोहल्ल्यात अडतीस वर्षं पिझ्झाचं पीठ मळलेला माणूस. आणि त्या रविवारी पहाटे माझ्याच ओट्यापाशी माझी मुलगी अस्सुंतीना परात पुढ्यात घेऊन उभी होती.

याला कारण माझा थोरला भाऊ सोस्सिओ. त्याच्या पिझ्झेरियातला पीठ मळणारा कारागीर तुरिनला निघून गेला आणि अस्सुंतीनाने ती जागा मागितली. सोस्सिओ पोट धरून हसला. "आपल्या घरातल्या बायका पिझ्झा तळतात गं, मळत नाहीत!" आमच्या नेपल्समध्ये पिझ्झा तेलात तळूनही खातात.

"घोडामैदान जवळच आहे, काका," ती म्हणाली. "रविवारी दुपारी घरी या. पीठ बिघडलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

खरं सांगायचं तर मीही हसलो होतो. भावापेक्षा जरा हळू, एवढंच.

नेमका त्याच दिवशी सिरोक्को सुटला. समुद्रापलीकडून येणारा हा दमट वारा ओल्या गोधडीसारखा अंगाला चिकटतो. जिन्याच्या दगडांना घाम फुटला होता, बरणीतल्या मिठाचे खडे झाले होते.

तिने गार पाण्यात मीठ विरघळवलं, थोडं पीठ टाकलं आणि यीस्टचा चिमटीएवढा तुकडा तोडला.

"अगं, एवढ्याशाने काय होतंय? अक्रोडाएवढं घे!"

"हरभऱ्याएवढं पुरे, बाबा. आज हवाच फुगवणार आहे."

"अडतीस वर्षं माझं माप चुकलं नाही!"

"तुम्ही दुकानाच्या तळघरात मळायचात. तिथे कुठला वारा? या स्वयंपाकघरात दहा वर्षं पाव मी मळतेय."

मी भयंकर चिडलो. कर तुझ्या मनाचं, म्हटलं आणि तोंड फिरवून बसलो. पण डोळे पुन्हा पुन्हा तिच्या हातांकडेच जात होते. ती घाई करत नव्हती. तळहाताने पीठ पुढे रेटायची, घडी घालायची, वळवायची, आणि ते गुळगुळीत झाल्यावर गोळे करून त्यांवर ओलं फडकं टाकून बाजूला झाली.

एक वाजता सोस्सिओ आला, तोच टोमणा मारत. "काय गं, खळ झाली असेल ना? भिंतीला कागद चिकटवू या!"

तिने नुसतं फडकं उचललं. गोळे एकसारखे फुगलेले. सोस्सिओने बोट दाबलं, खळगा सावकाश भरून आला. एक गोळा त्याने मुठींवर घेऊन ताणला, खिडकीतला उजेड आरपार दिसेपर्यंत ताणला. फाटला नाही. मग तिने तो तेलात सोडला. तळलेला तुकडा सोस्सिओने नुसत्या मिठाशी खाल्ला, मग दुसरा घेतला.

"अन्येल्लो, खोटं बोलू नकोस," तो माझ्याकडे वळला. "डाव्या हाताने तूच मळलंस ना? आपल्या घराण्याचा हात मी ओळखतो."

अस्सुंतीना माझ्याकडे बघत राहिली. मी नुसती मान डोलावली असती तरी माझा मोठेपणा राहिला असता. मोह झाला, लपवत नाही.

"मी मळलं असतं तर आत्ता हे आंबून परातीबाहेर वाहत असतं," मी म्हणालो. "यीस्ट किती घ्यायचं ते मी चुकीचं सांगितलं, दादा. हिने ऐकलं नाही म्हणून वाचलं."

"म्हणजे पोरगी बापाचंही ऐकत नाही?"

"नाही ऐकत."

सोस्सिओने फडक्याला बोटं पुसली. "उद्या सहाला ये," तो तिला म्हणाला. "पण माझ्या दुकानात माप माझं चालेल."

"आधी तुमच्या तळघरातली हवा बघते, काका. मग माप ठरवू."

"बघ, बघ हिचं तोंड!" सोस्सिओ माझ्यावर ओरडला.

बघतच होतो. अडतीस वर्षांत मला माझ्या स्वतःच्या हातांचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता, जेवढा त्या क्षणी तिच्या हातांचा वाटला.