बाईंच्या तीनशे बारा नळ्या

फ्रीझरखाली पाणी साचलं होतं आणि आत सभागृहात संचालक माइकवर सांगत होते, "बाईंनी जमवलेला ठेवा ही संस्था जिवापाड जपेल."

मी दाराबाहेर त्या फ्रीझरचा दांडा धरून उभी होते. आत बाईंच्या तीनशे बारा नळ्या होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी गटारांतून, कारखान्यांमागच्या ओढ्यांतून चिखल आणून त्यातले जंतू वेगळे काढले होते, विषारी पाणी साफ करणारे. त्यातले कितीतरी पुन्हा मिळणार नाहीत, कारण ते ओढेच बुजवले गेलेत. फ्रीझरचा प्लग काढून तिथे माइकचा लावला होता.

वायरमनला विचारलं तर तो गांगरला. जोडणी काल दुपारीच केली, म्हणाला. प्लग काढल्यावर फ्रीझर सारखी धोक्याची शिट्टी मारत होता, तेव्हा साहेबांनी तीही बंद करायला लावली. शोकसभेत बरं दिसत नाही म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने बाई निवृत्त झाल्यावर आठवड्याच्या आत त्यांची खोली घेतली. नळ्यांना 'म्हातारीचा चिखल' म्हणत फ्रीझर बाहेर ढकलला. अगदी मागच्या महिन्यापर्यंत बाई रोज येऊन त्या फ्रीझरशेजारी स्टुलावर बसून काम करायच्या. आणि आता ठेवा!

मी इथे आले ती बाटल्या धुवायला, दहावी नापास. एकदा धुता धुता विचारलं, या एकाच बशीत जंतूंभोवती गोल का दिसतोय? बाई स्वतः उठल्या आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. पुढे त्या गोलावर लिहिलेल्या शोधनिबंधावर माझंही नाव घातलं. बाटल्या धुणारीचं नाव कसं, म्हणून हेच संचालक, तेव्हाचे ज्युनिअर, कुरकुरले. बाई म्हणाल्या, "बघितलं तिने. मग नाव कुणाचं घालू, तुमचं?"

काही बिघडलं की आधी आकडा लिही, मग भांड, हा त्यांचा नियम. मी तापमान पाहिलं. उणे वीस हवं, तिथे अधिक अकरा. वहीत लिहिलं. मग माइकचा प्लग उपटला.

संचालकांचे ओठ थोडा वेळ नुसतेच हलत राहिले. मग ते दारात आले. "काय तमाशा लावलाय? लोक बसलेत."

"बसू देत. सगळं वितळलंय."

"वितळलंय ना? मग आता घाई कसली? उद्या बघू."

"बाई असताना त्यांना बाहेर काढलंत. आता त्या गेल्या तर हे जंतूही मारलेत. उद्या काय बघणार?" माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पहिल्या रांगेतून बाईंची धाकटी बहीण उठून आली. तिने जन्मभर शिवणकाम केलेलं, जंतूंचं तिला काही कळत नव्हतं. मला म्हणाली, "वाचतील का गं?"

"सगळे नाही. आत्ता नव्या नळ्यांत घेतले तर काही."

"मग मी काय धरू, सांग."

संध्याकाळपर्यंत ती झाकणं उघडत होती, मी थेंब घेत होते. सभा कधी संपली ते आम्हाला कळलंही नाही.

चौथ्या दिवशी एकशे अठरा नळ्या गढूळ झाल्या, म्हणजे जगल्या. उरलेल्या स्वच्छच राहिल्या. संचालकांनी अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. मी त्याखाली वहीतला आकडा आणि प्लग कुणी काढायला लावला ते लिहून सही केली. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

नव्या नळ्यांवर माझ्या अक्षरात नावं घातली. जुन्या सगळ्या फेकण्याआधी वाफेत उकळाव्या लागतात. प्रत्येकीवर बाईंच्या बारीक, तिरक्या अक्षरात ओढा आणि तारीख होती. बहिणीने त्यातली एक मागितली. न उकळता देता येत नाही, मी म्हटलं. तिने वाट पाहिली.

वाफेने शाई निघून गेली होती. ती कोरी नळी तिने रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.