तोंडातले तीन हजार

“दोन हजारावर उघडायची म्हणजे दोन हजारावर. आभाळातला ठिपका बघायला येतेत व्हय माणसं?” असं म्हणत नरहररावांनी मला ओसरीच्या फरशीवर आपटलं.

“काका, माझी नवी छत्री दोन हजार फुटांवर उघडायला लागली, तर ती पुरी फुलेस्तोवर मी कुठं असीन?” नलिनी म्हणाली.

“मग ही जुनी घे. ही कुणासाठी थांबत न्हाई.”

ही म्हणजे मी. मी छत्री बोलतेय. पावसातली नव्हे, विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवरची. पॅराशूट म्हणा हवं तर, पण बीदरात मला सगळे छत्रीच म्हणतात. अंगानं गोल, रंगानं पांढरी, वयानं पंचविशीच्या पुढची. आमच्यात हे वय म्हातारीचं. म्हातारी गप्प बसेल असं कुणाला वाटत असेल, तर ते त्याचं त्यानं वाटून घ्यावं.

भांडण रविवारच्या उडीवरून पेटलं होतं. गावाबाहेरच्या मैदानावर लोक जमणार, पाहुणे येणार, आणि नरहररावांची पुतणी नलिनी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण, विमानातून उडी घेणार. तिला साडेतीन हजारांवर छत्री उघडायची होती. काकांना ती उंची भित्र्यांची वाटत होती. आणि दोघांच्या मधे फरशीवर पडून माझा जीव नुसता उडत होता, कारण माझ्या अंगात काय उरलंय हे मला ठाऊक होतं.

माझा जन्म कानपूरकडचा. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. शिवणयंत्रांच्या रांगेत नायलॉनचे तुकडे जोडून मला गोल केलं, कडेनं दोर लावले आणि पिशवीत कोंबलं. लेकीला सासरी धाडताना बायका निदान डोळ्याला पदर लावतात. मला धाडताना नुसता ठप्पा मारला.

फौजेत मी नरहररावांच्या पाठीवर आले. उडी मारली की मोजायचं, अशी तिथली शिकवण: एक हजार, दोन हजार, तीन हजार. हे फूट नव्हेत बरं. ‘एक हजार’ म्हणायला एक सेकंद लागतो, एवढाच त्याचा अर्थ. तीन हजार म्हणून वर बघेस्तोवर मी धाडकन उघडलेली असे. माणसाचे खांदे उखडल्यासारखे होत, पण मी कधी वाट बघायला लावली नाही. त्याचा मला गर्व होता. अजून आहे.

फौजेतून आम्ही दोघं बरोबरच बाद झालो. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या सुमाराला नरहरराव मला घेऊन बीदरला परतले आणि हौशी लोकांना उड्या शिकवू लागले. फौजेत विमानाला बांधलेली दोरी मला ओढून उघडायची; आता मला हातानं ओढून उघडायचं होतं. कुठं उघडायचं हे ते मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या काट्यापेक्षा खालच्या टाळ्यांवरून ठरवत. एका वर्षी गुलबर्ग्याला त्यांनी मला इतकं खाली उघडलं की चिंचेच्या झाडाखालची माणसं पांगताना मला दिसली. त्या हिसक्यानं माझी टाळूजवळची शिवण उसवली.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, बाभळीत अडकली. त्यांच्या बायकोनं, शारदाबाईंनी, मला मांडीवर घेतलं. शाळेची पायरी न चढलेली ही बाई जुन्या चोळ्या उसवून उसवून शिवण शिकलेली. त्या म्हणाल्या, “बाभळ शिवण बघून फाडती व्हय?” नरहरराव पान आणायला निघून गेले. शारदाबाईंनी मला शिवलं, चांगलं शिवलं. पण विरलेल्या कापडाला दोऱ्यानं तरी किती धरून ठेवावं?

मग चौकोनी छत्र्या आल्या; नलिनीची नवी त्यांतलीच. त्यांच्या पोटात कप्पे, ते एकेक करून वाऱ्यानं भरायचे. माणसाला हिसका बसू नये म्हणून दोरांवरून सावकाश खाली सरकणारा एक कापडी तुकडाही लावलेला. मला आधी हसू आलं. उघडायला इतका वेळ लावणारी ती कसली छत्री? पण उतरताना ती वळते, संथ होते, सांगाल तिथं पाय टेकवते, हे बघून मी हसायची थांबले. तिला वेळ लागतो. त्यातून ती गुंतलीच, तर तिला सोडून दुसरी उघडायलाही वेळ लागतो. हा वेळ आणायचा कुठून? वरून. म्हणून शहाणी माणसं वर उघडायला लागली.

नरहररावांच्या तोंडात मात्र ते तीन हजारच राहिले. औरादचा तुरीचा व्यापारी माणिकप्पा शिकायला आला, तेव्हा त्याला ते म्हणाले होते, तीन हजारला वर बघायचं. त्याला वाटलं, फूट. विमान होतं तीन हजारांच्या खाली, काटा तिथं येणार कुठून? विमानाला बांधलेल्या दोरीनं छत्री आपोआप उघडली तरी जमिनीला टेकेपर्यंत गड्यानं मान वर केली नाही.

तो माणिकप्पाही त्या दिवशी ओसरीत चहा पीत बसला होता.

“तुमचे तीन हजार तोंडातले हायेत, काका,” नलिनी म्हणाली. “मला हवेतले पाहिजेत.”

“मग कन्नडात मोजू द्या की, अण्णा,” माणिकप्पा म्हणाला. “एक हजाराला ओंदु साविरा म्हणेस्तोवर निम्मी उघडती.”

नरहरराव मला उचलून नलिनीकडं आले. वडील गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं होतं, उडीही त्यांनीच शिकवली होती. ते म्हणाले, “साडेतीनावर उघडलीस तर सारं बीदर म्हणंल, नरहररावाची पुतणी भ्याली.” तिनं मान खाली घातली. माझा पट्टा तिच्या खांद्यावर चढला. मी आतल्या आत ओरडत होते, पोरी, नको, माझी टाळू एक हिसका सोसायची नाही. घडी घातलेल्या छत्रीचं ओरडणं कोण ऐकतं?

आज मी अंगणात चार बांबूंवर ताणलेली असते. माझ्या सावलीत शारदाबाईंचं शिवणयंत्र चालतं. नलिनीची उडी असली की नरहरराव खाटेवर बसून आभाळाकडं बघतात आणि पुटपुटतात, चार हजार, पाच हजार, सहा हजार, तिची नवी छत्री फुलेस्तोवर. माझं एवढंच मागणं आहे: खालून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, वरच्याला जरा वेळ द्या. तुमची मान दुखेल, दुखू द्या.

पण त्या दिवशी पट्टा खांद्यावर चढलाच होता. तेवढ्यात शारदाबाई आतून आल्या. त्यांनी तो उतरवला, मला काखेत मारलं आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, “म्हणू द्या की भ्याली म्हणून. भ्यालेली पोर जेवायला घरी येती.”