भिंतीकडची बाजू

नवरा कामातून मोकळा होऊन घरात बसला की बायकोचं काम दुप्पट होतं, असं माझी नणंद नेहमी सांगायची. मशीनबद्दल मात्र ती काही बोलली नव्हती.

आमच्या ह्यांनी दुकान हाताखालच्या माणसाच्या स्वाधीन केलं, आणि महिना उलटायच्या आत दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोत एक जुनं पिनबॉल मशीन. म्हणजे चार पायांवर उभी असलेली लांबट, उतरती लाकडी पेटी. वरच्या काचेखाली लोखंडी गोळी सुटते, दिव्यांना आणि घंट्यांना आपटत खाली येते, आणि आपण दोन बाजूंची दोन बटणं दाबून छोट्या दांड्यांनी तिला परत वर हाणायचं. गोळी शेवटी खाली जातेच, पण माणसं खेळत राहतात. ह्यांच्या दुकानाशेजारी असल्या खेळांचं एक दालन होतं, ते बंद झालं. मालक म्हणाला, न्यायचं तर न्या, नाहीतर भंगारात घालतो.

"भंगारवाल्यानं नको म्हटलं म्हणून आपल्याकडे आलं का?" मी विचारलं.

"इतकी वर्षं जेवणाच्या सुट्टीत ह्याच्यावर खेळलोय मी," ते म्हणाले. "लाकूड बघ की. अजून खणखणीत आहे."

लाकूड असेलही. आतले दिवे, तारा, घंट्या सगळं उचकटून खोक्यात भरलं होतं, ते नंतर बघू म्हणाले. आधी पेटी. पेटीच्या दोन्ही अंगांना एका जहाजाचं चित्र होतं म्हणे. आता एका बाजूला धुराडं उरलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नुसता धूर.

हे गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचे. बाजारात सगळे त्यांना फिल्मवाले म्हणतात, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की हे सिनेमातलं कोणीतरी बडं प्रस्थ आहे. मागची काच कितीही वाकलेली असू दे, तिच्यावर अखंड फिल्म बसवायची आणि आत मोहरीएवढा बुडबुडा राहू द्यायचा नाही, ही त्यांची ख्याती. गिऱ्हाईक गयावया करायचं, अहो दिसत नाही तो, मला उशीर होतोय. हे म्हणायचे, मला दिसतो ना. आणि टरकन फाडून पुन्हा लावायचे. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलावर काम करते. माझं वैर सुरकुतीशी, त्यांचं बुडबुड्याशी. एवढ्या एकाच बाबतीत आमचं जुळतं, बाकी सगळा उजेडच आहे.

पुढचे दोन महिने घरात भुसा होता. आधी जुना रंग खरवडला, मग पॉलिशपेपरनं घासलं, कोपरे फुटले होते तिथे लांबी भरली, वाळली की पुन्हा घासलं. उशीच्या अभ्र्यात भुसा, साखरेत भुसा. मी बोलायचं तेवढं बोलले. पण खरं सांगायचं तर ते काम बघत बसायला मला आवडायचं. तळहात फिरवून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. घासण्याच्या कामात हात हलला तर काही बिघडत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मुलीनं दुसऱ्या गावाहून एक लांब नळकांडं पाठवलं. जुनी चित्रं हुबेहूब छापून देणारा कोणी तिला सापडला होता. उलगडून बघितलं तर काय जहाज होतं! निळा समुद्र, नारिंगी आभाळ, लाल धुराडं.

"छान आहेत स्टिकर," मी म्हणाले.

"स्टिकर पोरं वहीवर लावतात. ह्याला डिकल म्हणतात."

"बरं, डिकल. लावा मग."

पण लावायचं काही नाव निघेना. नळकांडं कपाटावर जाऊन बसलं. आज हवा दमट आहे. आज धूळ उडतेय. आज उजेड बरोबर नाही. लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलानं ऐनवेळी सबबी सांगाव्यात तशा ह्यांच्या सबबी चालल्या होत्या. मुलगी फोनवर विचारायची, फोटो कधी पाठवताय, आणि हे म्हणायचे, घाईचं काम नाही ते.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर मशीन जागेवरून हललेलं. एरवी खोलीच्या मधोमध असायचं, ते भिंतीला अगदी चिकटून उभं होतं.

"एक बाजू झाली," हे म्हणाले. वर्तमानपत्र तोंडासमोर होतं.

"कुठली?"

"पलीकडची. वाळू दे. हलवू नकोस."

"झालेली बाजू भिंतीकडे आणि न झालेली माणसांकडे?"

"असली मशीनं एकमेकांना खेटूनच उभी असतात. बाजू बघतो कोण?"

मला तेव्हाच खटकलं. गिऱ्हाइकाला न दिसणारा बुडबुडा ज्याला दिसतो, तो माणूस विचारतोय, बाजू बघतो कोण. पण दिवसभर उभी राहून पाय भरून आले होते, मी वाद घातला नाही. आठवडा गेला, दुसरी बाजू तशीच कोरी. मुलीला मी सांगितलं, वाळतंय अजून.

मग एका सकाळी हे दाढी करून घ्यायला बाहेर गेले आणि मी घरचे कपडे इस्त्रीला काढले. इस्त्रीचा प्लग लावायची जागा नेमकी मशीनच्या मागे. पेटी आतून रिकामीच होती, मी एक टोक धरून ओढली आणि प्लग लावायला मागे वाकले.

समुद्र तिरका होता. त्याची निळी रेघ पेटीच्या खालच्या कडेबरोबर सरळ जायला हवी. ती पुढच्या टोकाला वर आणि मागच्या टोकाला खाली उतरत गेली होती, आणि जहाज त्या उतारावरून मागे घसरत होतं. मधोमध बुडबुडे. काही सुईनं टोचून दाबलेले. एका कोपऱ्याला घडी पडली होती. ती सोडवायला उचलून पुन्हा चिकटवलेलं, म्हणून धुराडं ताणून लांब झालेलं. आणि बटणासाठी जे गोल भोक कापायचं, ते उंदरानं कुरतडल्यासारखं. ब्लेड सुटून दोन लांब ओरखडे लाकडात गेले होते.

पहिल्यांदा मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण जिभेवर तयार होती. ह्यांनी आयुष्यभर माझ्या प्रत्येक कामात खोट काढली, आता मला वर्षभर पुरेल एवढी शिदोरी मिळाली होती. मग मी त्या ओरखड्यांवर बोट फिरवलं आणि म्हण घशातच राहिली. हे न येणाऱ्या माणसाचं काम नव्हतं. ज्याला येतं आणि तरी होत नाही, त्याचं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. हे हल्ली चहा कपात घेत नाहीत, पेल्यात घेतात, तोही अर्धाच. मी म्हणायचे, म्हातारपणाचे लाड. चालताना उजवा हात खिशात. मी म्हणायचे, ऐट बघा. बँकेत सही जुळली नाही तेव्हा कारकुनाशी भांडून आले, मी म्हणाले, तापटपणा गेला नाही अजून. जन्मभर स्वतःच्या हातानं दाढी करणारा माणूस आता न्हाव्याकडे जातो, मी म्हणाले, आळस. आणि दुकान का सोडलं, तर गुडघे. सगळं मी पाहिलं होतं आणि प्रत्येकाला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवलं होतं. मी तिथे मशीनमागे जमिनीवर बसले. मला भीती वाटली. त्याला दुसरा शब्द नाही.

पेटी मी होती तशी भिंतीला लावली. हे आले, मशीनकडे बघितलं.

"हललं का?"

"कशाला हलेल?" मी म्हणाले, आणि चुरगळलेलेच कपडे घड्या घालून ठेवून दिले.

चार दिवस मी गप्प राहिले. माझ्या बाबतीत हे म्हणजे उपवासच. दुकानात माझ्या टेबलावरची मुलगी विचारायला लागली, काकू, बरं नाही का. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी स्टूल घेतलं आणि कपाटावरचं नळकांडं खाली काढलं.

"दुसरी बाजू आज लावायची. मी धरते एक टोक."

"तुला जमणार नाही."

"इस्त्री करते मी. हे काय कापडच, जरा चिकट."

ते उठले. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नसावं. खिडक्या लावून घेतल्या, ओल्या फडक्यानं पेटी पुसली, फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी केलं. ह्या कामाची सगळी मेख त्या पाण्यात आहे. पाण्यावर डिकल तरंगतं, जोवर खाली पाणी आहे तोवर हवं तसं सरकवता येतं. रबराच्या पट्टीनं मधून कडेला पाणी काढत गेलं की मात्र ते बसलं. मग देवालाही ते हलवता येत नाही.

मागचा कागद सोलला. पुढचं टोक त्यांच्याकडे, मागचं माझ्याकडे.

"डावीकडे घे," ते म्हणाले.

"माझं डावं की तुमचं?"

"चादरीची घडी घालतानाही हेच. खिडकीकडे घे, खिडकीकडे."

मी खिडकीकडे घेतलं. ओलं डिकल आमच्या दोघांमध्ये ताणलेलं होतं, आणि तेव्हा ते माझ्या बोटांना लागलं. बारीक, भरभर, न थांबणारं कापरं. त्यांच्या टोकाकडून निघून जहाजावरून, समुद्रावरून माझ्यापर्यंत येत होतं. समुद्राला लाटा आल्या होत्या. मी वर बघितलं नाही.

"पंखा चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मान वर करून थांबलेल्या पंख्याकडे बघितलं.

"मग माझाच हात आहे," ते म्हणाले.

त्यांनी आपलं टोक हलकेच पेटीच्या कडेवर टेकवलं, सोडलं, आणि स्टूलवर बसले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तो उजवा हात रिकामा, उघड्यावर बघितला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, एखादी गोळी वळावी तसे. माझे डोळे भरून आले, पण डिकल ओलं होतं आणि पाणी वाळायला लागलं असतं.

"आता मी सांगतो तसं कर," ते म्हणाले. "आणि मध्ये बोलू नकोस."

"ते जमणार नाही."

"मग बोलत कर."

मी केलं. ते सांगत गेले. खालची कड आधी धर. रेघेकडे बघ, जहाजाकडे बघू नकोस. आणखी पाणी मार. हात उचलू नकोस, सरकव. आता पट्टी मधोमध ठेव आणि बाहेर ये, जोर खांद्यातून लाव. दुकानातल्या पोरांवर ओरडायचे तसे माझ्यावर ओरडले, आणि मीही त्या पोरांना ओरडता आलं नसेल तेवढं उलट ओरडून घेतलं. इस्त्रीत मी आयुष्यभर सुरकुती दाबत आले. इथे ती दाबायची नाही, पाण्याबरोबर कडेला हाकलायची. भोक कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी ब्लेड हातात घेतलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मूठ माझ्याकडे करून पुढे केलं.

"आतून बाहेर नको, कडेला टेकवून फिरव. घाबरू नकोस, लाकूड तुला वाट दाखवतं."

भोक गोल झालं. समुद्र सरळ होता. मी घामाघूम झाले होते.

ते उठले आणि न बोलता मशीन भिंतीपासून ओढायला लागले. मी हात लावू नका म्हटलं तरी ऐकेनात, शेवटी दोघांनी मिळून ते फिरवलं.

"ही बाजू बघ," ते म्हणाले.

"पाहिली."

"कधी?"

"प्लग लावायला गेले होते तेव्हा."

ते माझ्याकडे वळले. "आणि बोलली नाहीस? तू? एका खरकट्या बशीवरून तासभर बोलणारी बाई?"

"भीती वाटली."

"हं," ते म्हणाले. "मला पण."

मग जमिनीवर बसून, त्या घसरत्या जहाजाला पाठ टेकवून त्यांनी सांगितलं. एका गिऱ्हाइकाच्या नव्या गाडीच्या काचेवर ब्लेड सुटलं होतं. काच त्यांनी भरून दिली आणि दुसऱ्या दिवशी दुकानाची चावी हाताखालच्या पोराच्या हातात ठेवली. डॉक्टरकडेही जाऊन आले होते, एकटेच. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो. ह्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि सांगितलं, गुडघे दुखतात.

"मग?"

"गुडघ्याच्या गोळ्या दिल्या. घेतल्या सगळ्या."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि तेही हसले. हसताना हात हलत होता, त्यांनी लपवला नाही. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला. धरला म्हणून थांबला नाही.

"उद्या जाऊ," मी म्हणाले. "मी सुट्टी टाकते."

"जाऊ." मग म्हणाले, "तू बाहेर बाकावर बसू नकोस. माझ्याबरोबर आत ये. एकटा गेलो तर मी पुन्हा काहीतरी भलतंच सांगेन."

"येते. आणि भलतंच सांगितलंत ना, तर तिथेच डॉक्टरांसमोर भांडेन."

त्यांनी मान हलवली.

"तेवढ्यासाठीच म्हणतोय," ते म्हणाले.