आदल्हार बाबांच्या खरवडलेल्या कविता

आज ज्यांच्या थडग्यापाशी लोक दाढदुखीसाठी मेणबत्त्या लावतात, ते संत आदल्हार एके काळी सम्राटाच्या दरबारात बायकांवर कविता करत. हे कुणाला सांगायला गेलात तर मार खाल. पण मठातल्या लेखनिक रादबोदला ते पक्कं ठाऊक होतं, कारण त्या कविता त्यानंच खरवडल्या होत्या.

झालं असं, की आदल्हार बाबा पुढं या मठाचे अधिपती झाले आणि बिशपनी त्यांना निरोप धाडला: ईस्टरनंतर येतोय. तुमची असली एक जरी कविता मठात सापडली, तर मठाधिपतीची काठी काढून घेईन. बाबांनी कातड्याच्या पानांचा गठ्ठा रादबोदपुढं टाकला. "घास सगळं. वर स्तोत्रं लिही."

रादबोद सुरीनं घासू लागला. आता वाचायचं म्हणजे मोठ्यानंच. तोंड मिटून वाचणारा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि समोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय राहवतंय कुणाला? शेजारी सहा जण लिहीत बसलेले, कान टवकारून.

बाबा रोज डोकावायचे. "आज कुठली?"

"कमरेवरची."

"बरी होती का रे?"

"शी! पापी."

"म्हणजे जमली होती," असं पुटपुटत ते प्रार्थनेला पळायचे.

पानं कोरी झाली आणि मठ गाऊ लागला. विहिरीवर, गोठ्यात, जो तो गुणगुणतोय! रादबोदनं कपाळावर हात मारला. बाबांची काठी आपल्या तोंडापायी जाणार! त्यानं एकेकाचे पाय धरले, तेव्हा कुठं सगळे गप्प झाले. आचारी गोझोला सांगायचं मात्र राहिलं.

बिशप आले. स्तोत्रांची पानं उन्हात धरून तपासली, खूश झाले, जेवायला बसले. आणि गोझो वाटाणे वाढत आपल्याच तंद्रीत गात आला,

"तुझ्या खिडकीखाली हिवाळा काढला,
बर्फात बसून कांद्याचा रस्सा ओढला..."

बिशपचा चमचा थांबला. "कुणाचं हे?"

"बाजारातलं आहे, महाराज," रादबोदनं धडधडीत थाप मारली. बिशपनी मान डोलावली, चमचा पुन्हा वाटाण्यात घातला. निभावलं, देवा!

"कांदा कुठनं आला रे मेल्या?" बाबा कडाडले. "उपाशी होतो मी! तीन महिने उपाशी!"



"मी म्हणजे?" बिशपनी विचारलं.

बाबा उठले. काठी त्यांनी बिशपच्या ताटाशेजारी ठेवली. "मी म्हणजे मीच. न्या ही. पण मूळची ओळ ऐकून जा, नाहीतर जन्मभर कांदा लक्षात ठेवाल."

आणि त्यांनी ती ओळ म्हटली. घासताना रादबोदला तिच्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

बिशपनी काठी नेली. पण उठण्याआधी पुढचं कडवं म्हणायला लावलं.