तांदळाच्या रांगेतली मुलाखत

मुलाखतीच्या वेळेआधीच मी दुकानात पोचले आणि तांदळाच्या फळ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. गोमती नगरातलं हे नवं किराणा दुकान आतून थंडगार, पांढरं आणि लांबच लांब. बाहेर जूनचं ऊन भाजून काढत होतं. आत कुठूनसं हलकं संगीत येत होतं आणि माणसं पाण्याखाली चालल्यासारखी सावकाश चालत होती. दारात मलिहाबादचा दशहरी आंबा रचला होता. त्याचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता आणि मला गुंगी चढत होती. पन्नाशी उलटलेल्या बाईनं असं तंद्रीत जाऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

नोकरी मला पगारासाठी नको होती. आमचे हे, नंदकुमार, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी कराडचा धोशा लावला. तिथं फ्लॅट घेऊन ठेवलाय, आता आपल्या घरी जायचं. मी म्हटलं, मी येत नाही. का, ते मात्र मला सांगता येईना. शेवटी ते वैतागून म्हणाले, "इथं तुझं आहे तरी काय? एखादी नोकरी मिळवून दाखव, मग राहू." त्यांना वाटलं, बाई गप्प बसेल. मी त्याच संध्याकाळी इथं अर्ज केला. एकदा शब्द दिला की हा माणूस पाळतो, एवढं त्यांच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगेन.

मुलाखत ऑफिसात बसून नव्हतीच. मॅनेजर नीलम, माझ्या मुलीच्या वयाची, हातात टॅब घेऊन आली. "चलिए आंटी, चलते-चलते बात करते हैं।" आंटी म्हटलेलं मला खपत नाही, पण गरज माझी होती.

"कस्टमर चिल्लाया तो क्या करेंगी?"

"पहले सुनूँगी. नहीं रुका तो मैं भी चिल्लाऊँगी."

"चिल्लाना नहीं है, आंटी।"

"अच्छा, तो पानी पिलाऊँगी."

ती हसली. आम्ही चालत राहिलो. ती विचारत होती, मी उत्तरं देत होते, पण खरं तर मी तिथं नव्हतेच. डाळींपाशी मला आमचं पहिलं भाड्याचं घर दिसलं. खालून भाजीवाला वर तोंड करून "भाभी, मटर ले लो" म्हणून हाका मारत होता. गुळापाशी धुकं दाटलं. त्यातून माझी लेक दोन स्वेटर घालून शाळेला निघाली होती, मी मराठीत रागावत होते आणि ती हिंदीत उलट उत्तरं देत होती. मसाल्यांपाशी हजरतगंजातली एक संध्याकाळ आली, दिवे लागलेले, आम्ही दोघं उगाच भटकत होतो. सगळं आयुष्य कुणीतरी पुसून, नीट फळ्यांवर मांडून ठेवलं होतं. मला फार बरं वाटत होतं.

"और घर कहाँ है आपका?" नीलमनं विचारलं.

"कराड. महाराष्ट्र में."

तोंडातून निघूनही गेलं. आम्हा मराठी माणसांची ही खोडच आहे. जन्म परगावी काढला तरी घर कुठलं म्हटलं की गावाचं नाव सांगायचं. इथल्या गणेशोत्सवात तर नावाच्या आधी गाव विचारतात.

नीलम थबकली. "तो यहाँ?"

"यहाँ तो बस इनकी नौकरी थी. अब रिटायर हो गए."

उरलीसुरली आशाही मीच घालवली. नीलमनं टॅबवर काहीतरी लिहिलं आणि आवाज मऊ केला. "बुरा मत मानिएगा, आंटी। लोग काम सीखते हैं और गाँव लौट जाते हैं। हमें टिकने वाले चाहिए।"

बाहेर हे स्कूटर सावलीत लावून थांबले होते. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तुमचं घर कराडला आहे."

"मग बरोबरच आहे की." त्यांनी टोमणा मारला नाही, उलट समजुतीनं विचारलं, "तिकिटं बघू का?"

मला रडू फुटलं. राग यांचा नव्हता, माझ्या जिभेचा होता. हे शहर मला आवडतं, माझा जीव जडलाय इथं, इतकं साधं होतं ते. ते मला स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. मी वळले आणि तशीच पुन्हा आत गेले.

नीलम दारातल्या आंब्यांपाशी उभी होती.

"मैडम, मैंने ग़लत बताया. घर यहीं है."

"पर आप लोग तो..."

"लोग नहीं. ये जाएँगे. मैं नहीं जाऊँगी." बोलून गेले, आणि ते खरं होतं, नोकरी मिळो न मिळो. "नौकरी मत दीजिए, चलेगा. बस वो कराड काट दीजिए."

नीलम माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या मागं पाहत होती. मी वळून बघितलं, तर हे हेल्मेट हातात धरून उभे. सगळं ऐकलं होतं त्यांनी. इतक्या वर्षांच्या संसारात हा चेहरा मी पाहिला नव्हता. मोठ्या बाजारात आईचा हात सुटलेल्या मुलासारखे दिसत होते.

"अंकल, आप जा रहे हैं?" नीलमनं हळूच विचारलं.

त्यांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. दुकानातलं संगीत तसंच चाललं होतं. कुणीतरी आमच्यामधून ढकलगाडी नेली, तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी घसा साफ केला.

"ड्यूटी सुबह की है या शाम की?"

"अभी कुछ तय नहीं हुआ है, अंकल।"

"शाम की मत दीजिए," हे म्हणाले. "शाम को ट्रैफिक बहुत रहता है. इनको लेने मुझे ही आना पड़ेगा."