रुख्माबाईंच्या बरणीतली गुलाबी शाई

मी रुख्माबाईंची जुनी लोणच्याची बरणी. काचेची, काठाला टवका उडालेली आणि जराशी तोंडाळ. तेवढं सांभाळून घ्या, मित्रांनो.

रुख्माबाई हिंगणीच्या शाळेत पाणी भरायच्या. विज्ञानाच्या प्रभाकरराव सरांनी मला त्यांच्याकडून प्रयोगासाठी मागून आणलं. पहिल्याच दिवशी घोटाळा! माझ्या पोटात लोणच्याचं तेल राहिलेलं. कागद तेलकट झाला आणि शाई जागची हलेना. "हिनं तर नाक कापलं!" सर म्हणाले. मग राखेनं तीनदा घासलं, तेव्हा कुठे मी कामाची झाले.

काम सोपं होतं. तळाशी बोटभर पाणी घ्यायचं. झाडूच्या काडीवरून कागदाची पट्टी अशी सोडायची, की टोक पाण्यात आणि शाईचा ठिपका पाण्याच्या जरा वर. पाणी कागदातून चढतं, शाईला सोबत नेतं, आणि तिच्यातले रंग वेगळे होऊन मागेपुढे थांबतात. मुलं तोंडात बोटं घालायची. खरं सांगू? मलाही दरवेळी भरून यायचं.

सरांची एक सवय होती. दौतीच्या तळाशी उरलेली लाल शाई ते फेकत नसत, आपल्या निळ्या दौतीत ओतत. वरून ती निळीच दिसायची. ही दौत कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात.

१९९९च्या हिवाळ्यात सर आजारी पडले. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सेलूला होणाऱ्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांची यादी लिहिली. शेवटचं नाव वर्गातल्या वर्षालीचं, पण तेवढंच अक्षर अगदी वेडंवाकडं. मुख्याध्यापक मोतीलाल सरांनी तिला माझ्यासमोरच उभं केलं.

"काऊन वो, आपलं नाव आपणच लिवलं ना?"

"नाई जी! देवाशपथ, सरांनीच लिवलं."

"सरांचं अक्षर मोत्यावानी. हे त्याईचं हाये का?"

पोरगी रडायलाच लागली. प्रदर्शन गेलं तर गेलं, पण सगळ्या वर्गासमोर ती खोटी ठरत होती. तेवढ्यात नव्या सपना बाई पुढे आल्या. "सर, बरणीलाच विचारू या," म्हणाल्या.

पण त्यासाठी यादीतलं नाव कापावं लागणार होतं. शिवाय ताडून बघायला सरांच्या हातचं दुसरं काही हवं. वर्षालीनं वही काढली. सरांनी वर्षभरात एकदाच तिला 'शाब्बास' लिहिलं होतं.

"हेबी कापा, बाई," ती डोळे पुसत म्हणाली.

तीन पट्ट्या माझ्यात उतरल्या. एकीवर वर्षालीच्या पेनाची शाई, दुसरीवर 'शाब्बास', तिसरीवर तिचं नाव. वहीचा कागद पाणी सावकाश पितो, आणि माझा तर जीव टांगणीला लागलेला! वर्षालीची शाई निळीच चढली. 'शाब्बास'मधून गुलाबी रंग निघाला. आणि नावातूनही तसाच गुलाबी, तेवढ्याच उंचीवर!

मोतीलाल सर वाकून बघत राहिले, मग स्टुलावर बसले.

"म्हणजे हात थरथरून राह्यला होता त्याईचा," ते हळूच म्हणाले. "पोरी, माह्यी चूक झाली. तू जाजो सेलूले."

वर्षाली सेलूला गेली. प्रभाकरराव सर मात्र परत आले नाहीत. तिचं नाव हेच त्यांचं शाळेतलं शेवटचं लिहिणं ठरलं. ते कळलं तेव्हा वर्षालीनं सरांच्या दोन्ही पट्ट्या माझ्यात ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं.

पुढे शाळेत नवी उपकरणं आली आणि मी कपाटात मागे गेले. एकदा सफाईत मला भंगारात काढत होते. म्हाताऱ्या रुख्माबाई अंगणातून ओरडत आल्या, "ठेव ते खाली! सर हायेत त्याच्यात!"

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघत जा. आणि माझं झाकण उघडलंत, तर लगेच लावून मला अंधाऱ्या कपाटात ठेवा. उजेडानं गुलाबी रंग उडतो.