मागच्या ओळीचे शेंडे

सौदामिनीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, पण गणित काही रिटायर झालं नाही. अंगणात फुलांचा वाफा करायचा म्हटल्यावर दुसरं कुणी चार रोपं खोचून मोकळं झालं असतं. बाई ओसरीवर बसून हुकूम सोडत होत्या आणि त्यांचे मिस्टर माधवराव सुतळी अन् चुन्याची फक्की घेऊन अर्धचंद्र आखत होते. मागे कंपाउंडला लागून उंच पिवळी शेवंती, मध्ये पांढरी, पुढे ऑफिस टाईमच्या फुलांची गुलाबी झालर. माधवरावांनी जन्मात कधी कोथिंबीर लावली नव्हती. रेघ जरा वाकडी गेली की बाई म्हणायच्या, "पुसा. परत काढा."

नांदेडात तरोड्याकडं त्यांचं आमचं घर शेजारी शेजारी. मी भिंतीवरून हसायची. "सर, या वयात पुन्हा बाईंच्या वर्गात बसलात का?"

ते हसू फार दिवस टिकलं नाही. बाईंचं पोट दुखायचं म्हणून लातूरला दाखवलं, तर डॉक्टरांनी माधवरावांना एकट्याला आत बोलावलं. दिवाळी पाहतील याची खात्री देत नाही, म्हणाले. माधवरावांनी हे मला भिंतीपाशी सांगितलं आणि हात जोडले, "सुकन्या, तिला कळू द्यायचं न्हाई." बाईंना सांगितलं, आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल. आपल्याकडं असंच करतात. ज्याचं मरण, त्यालाच तेवढं सांगायचं नाही.

पोळ्याच्या सुमाराला बाईंनी अंथरुणातून हुकूम काढला, शेवंतीचे शेंडे खुडा. शेंडा खुडला की फूल महिना-दीड महिना लांबतं, पण झाडाला फांद्या फुटतात आणि टोपलीभर बहर येतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी सगळ्या गल्लीला पूजेला फुलं पुरवायची, असा बाईंचा बेत.

माधवराव वाफ्यापाशी उभे राहिले आणि त्यांचा हात चालेना. मार्गशीर्ष! त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या पांढऱ्या ओळी खुडल्या आणि मागची पिवळी ओळ तशीच ठेवली. लांबुडकी, किडमिडी का होईना, दसऱ्याला चार फुलं येतील आणि ती बघेल. मला म्हणाले, "बरं केलं ना?" मी म्हटलं, "लई बरं केलं, सर." मला खरंच तसं वाटलं होतं.

दसऱ्याच्या आधी मागची ओळ फुलली. मी पेज घेऊन गेले, तर माधवराव बाईंना धरून बाहेर आणत होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

बाईंनी फुलं पाहिली. हसल्यासुद्धा. मग झाडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत नजर नेली आणि हसू थांबलं.

"हे खुडले न्हाईत तुम्ही."

"राहून गेले."

"आख्खी ओळ राहून गेली?"

माधवराव चपलेच्या टोकानं माती उकरत राहिले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पेजेकडं पाहिलं. गणिताच्या बाई त्या, त्यांना कितीसा वेळ लागणार?

"म्हणजे मार्गशीर्षात मी न्हाई," त्या म्हणाल्या. "असंच ना?"

माधवराव मटकन ओट्यावर बसले. डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले, काहीतरी बोलायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

बाई चिडल्या. "एवढं पोटात ठेवून हिंडून राहिलात! एकटेच! मला सांगायचं होतं हो. फुलं दाखवून काय होतंय?"

थोड्या वेळानं राग ओसरला. त्यांनी माधवरावांच्या पाठीवर हात ठेवला आणि नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात सांगायला लागल्या. "ऐका आता. पांढरी मार्गशीर्षात येईल. पाणी रोज घालायचं न्हाई, मूळ सडतं. गल्लीतल्या बाया आल्या की कात्रीनं कापून द्यायची, ओढायची न्हाई. बहर सरला की बुडाचे फुटवे काढून ठेवायचे आणि पुढच्या पावसाळ्यात परत असाच वाफा लावायचा."

"कोणासाठी?" माधवराव म्हणाले.

जन्मभर पोरांच्या एकाही प्रश्नाला बाई अडल्या नसतील. त्यांनी माधवरावांचं डोकं आपल्या कुशीत ओढून घेतलं आणि दोघंही मोठ्यानं रडायला लागले. मी पेजेचं भांडं धरून तिथंच उभी होते, मलाही रडू आवरलं नाही.